शिकार, रानातले मांस आणि ताप

दिवाळी किंवा शिमगा करून मंडळी गावाहून परतली, की येरवड्यातल्या आमच्यासारख्या डॉक्टरांकडे तापाचे रुग्ण वाढतात. प्रवासातले पाणी, जागरण, बदललेली हवा ही त्याची नेहमीची कारणे. परंतु गेली काही वर्षे मी अशा रुग्णांना एक प्रश्न जादा विचारतो. "गावाकडे रानात गेला होतात का? एखादे जनावर हाताळले का?" या प्रश्नावर पुष्कळ जण गप्प बसतात. सोबत आलेली बायको नवऱ्याकडे पाहते, नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहतो. शिकार हा गुन्हा आहे हे सर्वांना माहीत असते. आपल्या येरवड्यात तरी तुरुंग म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही!

कायद्याची भीती असावीच. पण त्या भीतीपोटी तापाचे खरे कारण डॉक्टरांपासून लपले, तर उपचार चुकीच्या दिशेने जातात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून आजच्या लेखात शिकार आणि रोग यांचा संबंध समजावून घेऊ. रानातल्या जनावरांच्या रोगांविषयी गेल्या काही वर्षांत बरेच नवे ज्ञान हाती आले आहे, तपासणीची नवी साधने आली आहेत आणि त्यामुळे शिकारीकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलते आहे.

ज्याची जशी शिकार, तसा त्याचा धोका

महाराष्ट्रात शिकारीवर जगणाऱ्या अनेक जमाती होत्या. मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात आपल्या भागातील तीन भटक्या समाजांच्या शिकारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मुलखात फिरणारे हे तीन समाज एकमेकांच्या शिकारीवर फारसे जात नसत. फासेपारधी फास लावून काळवीट आणि तितरासारखे पक्षी धरत. तिरुमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू मंडळी मुंगूस, उदमांजर असे लहान मांसभक्षक प्राणी आणि पाण्यातले खेकडे, कासव यांवर भर देत. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर पारधी ते सोडून देत, अशीही नोंद गाडगीळांनी केली आहे.

डॉक्टरच्या नजरेने या नोंदी वाचल्या तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ज्याची जशी शिकार, तसा त्याचा आजार. कुत्री घेऊन जाणाऱ्याला पिसाळीचा म्हणजे रेबीजचा धोका, कारण कुत्र्याची रानात कोल्ह्याशी, लांडग्याशी गाठ पडते. मुंगसाच्या चाव्यातूनही रेबीज होतो. पक्षी धरणाऱ्याला बर्ड फ्लूचा, तर डुक्कर कापणाऱ्याला रक्तातून आणि मांसातून येणाऱ्या जंतूंचा धोका. घोरपडीसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात सालमोनेला जातीचे जंतू असतात, त्यांच्यामुळे हगवण लागते आणि ताप येतो.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने तो कडक झाला आणि २०२२ मध्ये त्याच्या अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या. आज ससा, तितर, घोरपड, साळिंदर यांपैकी कशाचीही शिकार करता येत नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या बाबतीतसुद्धा वन खात्याची रीतसर परवानगी लागते. हे योग्यच आहे. मात्र शिकार थांबली असे नाही, ती चोरून होऊ लागली. घोड्याच्या केसांच्या फासाऐवजी मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास आला. डोक्याला बांधायचे झगझगीत एलईडी दिवे आले. डुकरासाठी शेताच्या बांधावर विजेचा करंट सोडण्याचे अघोरी प्रकार सुरू झाले. या तारांना चिकटून माणसेही मेली आहेत. जुन्या फासात जनावर निवडून सोडता येत असे. क्लच वायरच्या फासात डुकराऐवजी बिबट्या अडकतो आणि करंटला तर कोण आले हे कळतच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. चोरट्या शिकारीचे खापर एखाद्या जमातीवर फोडणे हा अन्याय होईल. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. समाजाच्या मनातला शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाही. हौसेखातर रात्री जीप घेऊन सशामागे जाणारा सुशिक्षित माणूस आणि पोटासाठी फास लावणारा गरीब यांच्यात जंतू भेद करीत नाहीत.

धोका तोंडाआधी हाताला

"डॉक्टर, मांस चांगले शिजवून खाल्ले, मग रोग कसा होईल?" असे मला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. चांगल्या उकळीने बहुतेक जंतू मरतात. पण मांस चुलीवर चढण्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. जनावर उचलणे, खांद्यावरून आणणे, सोलणे, पोट फाडणे, आतडी साफ करणे ही सगळी कामे उघड्या हातांनी होतात. बोटांवर काट्यांचे ओरखडे असतात. रक्ताचा शिंतोडा डोळ्यांत उडतो. शिवाय जनावराचे अंग थंड पडू लागले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी दुसरे गरम शरीर शोधू लागतात. ते शरीर म्हणजे जनावर खांद्यावर घेणारा माणूस. मग शिकारीला न गेलेली, घरात बसून मांस साफ करणारी बाईसुद्धा आजारी पडू शकते. तिला तर आपण रानात गेलो नाही म्हणून संशयही येत नाही.

दोन उदाहरणे देतो. २०१२ च्या अखेरीस कर्नाटकातील बांदीपूर व्याघ्र प्रकल्पात माकडे मरून पडू लागली. त्यांच्या मृतदेहांची विल्हेवाट लावणारे जंगल कामगार काही दिवसांतच तापाने आजारी पडले. तो माकडताप होता. येथे खाण्याचा प्रश्नच नव्हता, हाताळणे पुरेसे ठरले. दुसरे उदाहरण केरळचे. जून २०२२ मध्ये त्रिशूर जिल्ह्यातील अतिरप्पिल्ली भागात रानडुकरे मेलेली आढळली. तपासणीत त्यांना अँथ्रॅक्स असल्याचे निष्पन्न झाले. आपल्याकडे जनावरांच्या या रोगाला फाशी आणि माणसाच्या कातडीवर येणाऱ्या फोडाला काळपुळी म्हणतात. डुकरे उचलून पुरणाऱ्या लोकांना देखरेखीखाली ठेवावे लागले.

अँथ्रॅक्सच्या जंतूची एक खोड सर्वांनी लक्षात ठेवावी. मेलेले जनावर फाडले आणि त्याच्या रक्ताला हवा लागली, की हे जंतू स्वतःभोवती कठीण कवच तयार करतात. अशा अवस्थेत ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या शिजवण्याने त्यांची खात्री देता येत नाही. म्हणून आपोआप मेलेले जनावर, पाळीव असो वा रानटी, कधीही फाडू नये. नाकातोंडातून रक्त आलेले असेल तर त्याच्या जवळही जाऊ नये.

वटवाघळाचे मांस दम्यावर, घोरपडीचे तेल सांधेदुखीवर, साळिंदराचे आतडे पोटदुखीवर गुणकारी असल्याची समजूत अजून आहे. याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. उलट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाह विषाणूशी संबंध आल्याच्या खुणा आढळल्या आणि हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ महाबळेश्वरला माणसांत निपाहची साथ आली असा नव्हे. त्यासाठी वटवाघळे मारायला निघणे हा तर दुप्पट मूर्खपणा ठरेल, कारण ती किडे खातात, परागीभवन करतात आणि त्यांना हुसकावले तर ती जास्त पसरतात. त्यांना धरू नये, खाऊ नये आणि पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत, एवढे पुरे.

माकडतापाचा धडा

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा आपल्याला माकडतापाने दिला आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. येरवड्याहून बंडगार्डनच्या पुलावरून नदी ओलांडली की काही किलोमीटरवर डॉ. आंबेडकर रस्त्यावर राष्ट्रीय विषाणू संस्थेची इमारत आहे. १९५२ साली ती व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत तापाने माणसेही दगावली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन एक नवा विषाणू शोधून काढला. जंगलाच्या नावावरून रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे नाव पडले. लोक त्याला माकडताप म्हणतात.

हा रोग बरीच वर्षे कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरताच मर्यादित होता. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आढळला. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात साथ आली आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा भागातही रुग्ण सापडले. आपल्या पुण्यात या भागातली कितीतरी कुटुंबे आहेत. सुट्टीत ती काजूच्या बागेत जातात, म्हणून पुणेकरांनाही ही माहिती हवी.

माकडताप माकडांकडून थेट पसरतो असे नाही. तो पसरवते गोचीड. गोचीड माकडाला चावते, माकडाच्या रक्तात विषाणू वाढतो, त्या माकडावर पोसलेल्या दुसऱ्या गोचिडी विषारी होतात. माकड मेले की त्या खाली पालापाचोळ्यात पडतात आणि ती जागा धोक्याची बनते. तेथून सरपण आणणारी बाई, काजू वेचणारा मजूर किंवा गुरे चारणारा मुलगा गेला की गोचीड त्याला चिकटते. हे काम मुख्यतः गोचिडीची अर्धवट वाढ झालेली पिल्ले करतात. ती इतकी बारीक असतात की तिळाचा दाणा वाटावा. साधारण डिसेंबर ते मे हा त्यांचा हंगाम. आता विचार करा. काजूचा हंगाम तोच, सरपण गोळा करण्याचे दिवस तेच आणि शिमग्याच्या दिवसांत कोकणात गावाने मिळून पारध करण्याची जी जुनी चाल होती तीही याच काळातली. पारधीत माणसे पाचोळ्यातून, झुडपांतून रान हाकत जात. गोचिडीला याहून सोयीची संधी कोणती?

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके आणि अंग विलक्षण ठणकते, उलट्या होतात, डोळे लाल होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. पण काहींना मध्ये बरे वाटून पुन्हा ताप चढतो आणि त्या वेळी मान आखडणे, हातपाय थरथरणे, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावू शकतात. विषाणूवर नेमके औषध नाही. पाणी, रक्तदाब, रक्तस्राव यांवर लक्ष ठेवून रुग्णाला सांभाळणे हाच उपचार. पूर्वीची लस पुरेशी प्रभावी न राहिल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबला आणि नव्या लशीचे काम हाती घेतले गेले. एक दिलासा असा, की हा रोग रुग्णाकडून घरच्यांना लागत नाही. म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

सगळेच गोचिडीचे किंवा किड्यांचे ताप असे निरुत्तर करणारे नसतात. माझ्याकडे आलेल्या तिशीतल्या एका टेम्पोचालकाला नऊ दिवस ताप होता. टायफॉइड आणि मलेरियाच्या तपासण्या झाल्या होत्या, इंजेक्शनेही झाली होती. कपडे सैल करून तपासले तेव्हा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने चटका दिल्यासारखा एक काळा, न दुखणारा डाग दिसला. "शेतात झोपला होतात का?" असे दोनदा विचारल्यावर त्याने खाली आवाजात सांगितले, की गावी डुकरासाठी तीन रात्री झुडपात बसलो होतो. हा स्क्रब टायफस. झुडपातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने तो होतो. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात त्याची साथ आली होती. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने ताप दोन दिवसांत उतरला. हाच रोग उशिरा ओळखला तर फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेंदूवर जातो आणि रुग्ण दगावतो. त्या माणसाचा जीव महागड्या तपासणीपेक्षा त्याच्या एका खऱ्या उत्तराने वाचवला असे मी मानतो.

जनावरे मारून रोग जातो का?

रोग जनावरांतून येतो हे कळल्यावर लोकांची पहिली प्रतिक्रिया असते की मग जनावरेच मारून टाका. माकडतापाच्या गावांत माकडांबद्दल असा राग दिसतो. पण माकड हे या रोगाचे कारण नसून तुमच्याआमच्यासारखाच बळी आहे. त्याचा मृत्यू ही आपल्याला मिळालेली धोक्याची घंटा आहे. घंटा फोडून आग विझत नाही.

युरोपने हा अनुभव कोल्ह्यांच्या बाबतीत घेतला. तेथे रानातला रेबीज मुख्यतः कोल्ह्यांमुळे पसरत असे. गोळ्या घातल्या, बिळांत विषारी वायू सोडला, तरी रोग हटेना, कारण मेलेल्या कोल्ह्याची जागा दुसरा कोल्हा येऊन घेई. अखेर १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्याचा प्रयोग झाला. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि त्यांना प्रतिकारशक्ती आली. पुढे लशीची आमिषे विमानातून टाकली गेली आणि पश्चिम युरोपातील बहुतेक भागांतून कोल्ह्यांचा रेबीज नाहीसा झाला. जे बंदुकीला जमले नाही ते लशीने केले. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नालाही हाच न्याय लागू पडतो.

दुसरा अनुभव झेक प्रजासत्ताकाचा. जून २०१७ मध्ये तेथील झ्लीन भागात रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवर शिरला. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांना मारून टाकतो. आपल्या देशात तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आला. झेक सरकारने आधी बाधित भागातली शिकारच बंद केली, कारण हाकारे घातले की डुकरे उधळतात आणि रोग दूरवर नेतात. मग शिकाऱ्यांना वेगळे काम दिले. मेलेली डुकरे शोधून कळवा आणि बक्षीस घ्या. नंतरच्या टप्प्यात रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी लावलेल्या निवडक नेमबाजांनी डुकरे टिपली. २०१९ च्या सुरुवातीला देश या रोगातून मुक्त झाल्याचे मान्य झाले. शिकाऱ्याची बंदूक आधी बाजूला ठेवली आणि त्याची नजर कामाला लावली, यातच या यशाचे गमक आहे.

नवी साधने, जुनी नजर

आपल्याकडेही साधने बदलली आहेत. जंगलात झाडाला बांधलेले कॅमेरे रात्री जनावरांची छायाचित्रे घेतात. लंगडणारे, खंगलेले जनावर त्यांत दिसते. मृत माकडाचे नमुने घेऊन पीसीआर तपासणीने विषाणू आहे की नाही हे लवकर कळते. २०२२ मध्ये नाशिकला गाडीवरची एक अत्यंत सुरक्षित प्रयोगशाळा सुरू झाली, ती साथीच्या ठिकाणी नेता येते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. पूर्वी अशा वेळी "म्हातारा झाला होता, मेला" म्हणून विषय संपला असता.

पण कॅमेरा सगळीकडे नसतो आणि प्रयोगशाळेत नमुना पोहोचवायला आधी तो कोणाच्या तरी नजरेस पडावा लागतो. येथे रानात वाढलेल्या माणसाचे मोल कळते. कोणते जनावर नेहमीसारखे चालत नाही, कोणता पक्षी उगाच जमिनीवर बसला आहे, गिधाडे-कावळे कोठे घिरट्या घालतात, हे त्याला आपल्याआधी दिसते. न पळणारा ससा पूर्वी आयती शिकार वाटे. आजच्या ज्ञानाने ती धोक्याची खूण आहे. हे ज्ञान कायद्याच्या भीतीने दडून राहिले तर समाजाचेच नुकसान आहे. अकोला-वाशीम भागात संवेदना या संस्थेबरोबर फासेपारधी मंडळींनी तणमोर पक्षी आणि गवताळ रान राखण्याचे काम केले आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर, बारामतीकडील माळरानांवर वन खात्याने पर्यटन सुरू केले, तेथेही स्थानिक तरुण वाटाड्याचे काम करतात. अशा माणसांना मृत जनावरांची खबर देण्याचे शिक्षण आणि त्याचा रीतसर मोबदला मिळाला, तर साथ गावात शिरण्याआधी कळेल. माग काढण्याची विद्या तीच. पूर्वी ती जनावराच्या मागावर होती, आता रोगाच्या मागावर लावायची.

काय काळजी घ्यावी?

१. रानात मेलेले किंवा आजारी जनावर दिसले तर हात लावू नये, फाडू नये, जाळू किंवा पुरूही नये. जागेची खूण लक्षात ठेवावी, दुरून मोबाईलवर छायाचित्र घ्यावे आणि वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पाळीव जनावरासाठी पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक १९६२ आहे.

२. रानात, बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी. आरोग्य खात्याकडून गोचीड पळवणारे तेल मिळत असेल तर उघड्या अंगाला लावावे. पाचोळ्यावर बसू किंवा झोपू नये.

३. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून आंघोळ करावी. काखा, जांघा, कंबर, कानामागे आणि मुलांचे डोके नीट तपासावे.

४. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये. नंतर जागा साबणाने धुवावी.

५. कुत्रा, कोल्हा, लांडगा, मुंगूस, माकड यांपैकी काहीही चावले, ओरखडले किंवा जखमेवर त्यांची लाळ लागली, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, मिरची भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लशीचे सर्व डोस पूर्ण करावेत आणि खोल जखमेत सीरमही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.

६. पाळलेल्या कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस टोचावी. तो रानात जात असेल तर यात हयगय नको.

७. रानातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना तसे आपण होऊन सांगावे. रक्तस्रावाचा संशय असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. अंगावर काळा डाग असेल तर लाज न बाळगता दाखवावा.

शेवटची विनंती तापाने अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या घरच्यांना आहे. रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसतो. तेव्हा तो कोठे गेला होता, कशाला हात लावला होता, घरात कोणते मांस आले होते आणि ते कोणी साफ केले होते, हे तुम्ही सांगा. डॉक्टर माग काढतो तो रोगाचा, गुन्ह्याचा नव्हे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवणे हा आमच्या व्यवसायाचा जुना दंडक आहे. शिकार सोडा, हे तर मी सांगणारच. पण ती झालेली असेल तर दवाखान्यात लपवू नका.